भांगेतील द्रव्ये आणि मनःस्थिती : दावे, पुरावा आणि सावधगिरी

चेन्नई : चिंता कमी व्हावी, झोप लागावी, मन प्रसन्न राहावे, या हेतूने भांगेच्या रोपापासून तयार केलेली तेले, गोळ्या आणि अर्क गेल्या काही वर्षांत भारतातही विकले जाऊ लागले आहेत. ‘नशा येत नाही’ हे आश्वासन अशा उत्पादनांच्या जाहिरातींत वारंवार आढळते. या रोपातील काही द्रव्ये मेंदूतील रसायनांवर परिणाम करतात, ही गोष्ट निर्विवाद आहे. मात्र कोणते द्रव्य, किती मात्रेत आणि कोणी घेतले, यांवर तो परिणाम उपकारक ठरतो, नगण्य ठरतो की घातक, हे अवलंबून असते.

हा प्रश्न सर्वाधिक गंभीर बनतो तो तीव्र मनोविकारांच्या संदर्भात. चेन्नईच्या अण्णा नगर भागातील स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन, अर्थात ‘स्कार्फ’, ही संस्था १९८४ पासून अशा विकारांवर उपचार व संशोधन करीत आहे. किलपॉक येथील शासकीय मनोरुग्णालयाच्या माजी अधीक्षक आणि भारतातील पहिल्या महिला मानसोपचारतज्ज्ञ मानल्या जाणाऱ्या डॉ. शारदा मेनन यांनी ती स्थापन केली. या संस्थेचा सहभाग असलेल्या संशोधनातून भांग आणि मनोविकृती यांच्या संबंधाबाबत महत्त्वाची माहिती मिळाली आहे. ती पाहण्यापूर्वी हे रोप आणि त्यातील द्रव्ये यांची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

एक नाव, अनेक पदार्थ

इंग्रजीतील ‘हेम्प’ या शब्दामुळे अनेकांचा गोंधळ होतो. महाराष्ट्रात हिरवळीच्या खतासाठी पेरला जाणारा ताग ‘सन हेम्प’ म्हणून, तर अंबाडी ‘डेक्कन हेम्प’ म्हणून ओळखली जाते. या दोन्ही वनस्पतींचा भांगेशी संबंध नाही. धाग्यांसाठी होणारा उपयोग एवढेच त्यांच्यातील साम्य होय. येथे विचार केला आहे तो ‘कॅनाबिस’ या वनस्पतीचा. तिची पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि तिच्यापासून मिळणारी राळ म्हणजे चरस.

या वनस्पतीत शंभराहून अधिक ‘कॅनाबिनॉइड’ द्रव्ये आढळतात. त्यांपैकी दोन प्रमुख आहेत. टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजेच टीएचसी, हे नशा आणणारे द्रव्य असून, कॅनाबिडिऑल, म्हणजेच सीबीडी, या द्रव्याने तशी नशा येत नाही. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉजर अ‍ॅडम्स यांनी १९४० मध्ये सीबीडी वेगळे केले. इस्रायलमधील राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये शुद्ध टीएचसी मिळवून त्याची रचना निश्चित केली.

औद्योगिक उपयोगासाठी लावल्या जाणाऱ्या वाणांत टीएचसीचे प्रमाण अत्यल्प असते. ही द्रव्ये मुख्यतः फुलोऱ्यावरील सूक्ष्म ग्रंथींत तयार होतात. बियांमध्ये ती जवळजवळ नसतात. त्यामुळे बियांचे तेल आणि सीबीडीचे तेल हे सर्वस्वी भिन्न पदार्थ होत.

मेंदूतील ‘आनंद’

एखाद्या वनस्पतीतील द्रव्याचा मानवी मनावर एवढा परिणाम का व्हावा, या प्रश्नाचे उत्तर १९८८ नंतर मिळू लागले. त्या वर्षी अमेरिकेत अ‍ॅलिन हॉलेट आणि विल्यम डिव्हेन यांना मेंदूमध्ये टीएचसीसारखी द्रव्ये ज्यांना चिकटतात असे विशिष्ट ग्राही आढळले. कुलपात किल्ली बसावी त्याप्रमाणे रसायन ज्या ठिकाणी बसते, त्या रेणूला ग्राही म्हणतात. या ग्राहीला पुढे सीबी-१ असे नाव मिळाले. सीबी-२ हा दुसरा ग्राही १९९३ मध्ये सापडला. तो प्रामुख्याने रोगप्रतिकारक पेशींत असतो.

शरीरात असे ग्राही आहेत, तर त्यांच्यासाठी शरीर स्वतःही एखादे रसायन तयार करीत असले पाहिजे, असा तर्क पुढे आला. १९९२ मध्ये मेशूलम यांच्या प्रयोगशाळेत ते रसायन सापडले आणि त्याला ‘आनंदामाइड’ हे नाव देण्यात आले. नावातील पहिला भाग संस्कृत ‘आनंद’ या शब्दावरून घेतलेला आहे. १९९५ मध्ये ‘२-एजी’ या दुसऱ्या रसायनाची ओळख पटली.

या रसायनांचे कार्य वैशिष्ट्यपूर्ण आहे. चेतापेशी एकमेकींना रासायनिक संदेश पाठवितात, तेव्हा संदेश सामान्यतः पहिल्या पेशीकडून दुसरीकडे जातो. आनंदामाइड आणि २-एजी मात्र उलट दिशेने कार्य करतात. संदेश स्वीकारणारी पेशी गरजेनुसार ती तयार करते आणि ती मागे जाऊन संदेश पाठविणाऱ्या पेशीवरील सीबी-१ ग्राहीला चिकटतात. परिणामी पहिल्या पेशीतून होणारा रसायनांचा स्राव काही काळ कमी होतो. आवाज फार वाढला की तो कमी करण्यासाठी असलेल्या बटणाशी या यंत्रणेची तुलना करता येईल. काम झाल्यावर ही रसायने त्वरित नष्ट केली जातात.

सीबी-१ ग्राही मेंदूच्या अनेक भागांत विपुल आहेत. स्मरणशक्तीशी निगडित हिप्पोकॅम्पस, भीती व भावना यांच्याशी संबंधित अमिग्डाला, विचार आणि निर्णय यांचे केंद्र असलेला मेंदूचा पुढील भाग, तसेच हालचालींचे नियंत्रण करणारे भाग यांत ते आढळतात. भीती, भूक, झोप, स्मृती आणि ताण या सर्वांशी या यंत्रणेचा संबंध त्यामुळेच येतो.

एका औषधाचा धडा

मनःस्थिती सांभाळण्यात या यंत्रणेचा वाटा आहे, याचा पुरावा एका अपयशी औषधातून मिळाला. सीबी-१ ग्राही बंद केल्यास भूक मंदावते, हे लक्षात आल्यावर ‘रिमोनाबंट’ हे वजन कमी करण्याचे औषध तयार करण्यात आले. युरोपात त्याला २००६ मध्ये परवानगी मिळाली. ते घेणाऱ्या रुग्णांचे वजन कमी झाले खरे, परंतु नैराश्य, चिंता आणि आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण त्यांच्यात वाढल्याचे दिसून आले. २००८ मध्ये युरोपातील विक्री थांबविण्यात आली आणि भारताने २००९ मध्ये या औषधावर बंदी घातली. ही यंत्रणा दाबली असता मन खचू शकते, हे यातून स्पष्ट झाले. याचा अर्थ ती बाहेरून उत्तेजित केली की मन प्रसन्न होईल, असा मात्र होत नाही.

टीएचसी : आधी हलके, मग जड

आनंदामाइड आवश्यक त्या ठिकाणी आणि आवश्यक तेवढ्याच काळापुरते तयार होते. टीएचसी मात्र मेंदूतील सर्व सीबी-१ ग्राहींवर एकाच वेळी आणि कित्येक तास परिणाम करते. प्रारंभी हलकेपणा, हसू आणि भूक वाढणे, तर त्याबरोबरच वेळेचे भान सुटणे आणि विस्मरण असे परिणाम दिसतात. मात्रेनुसार परिणामाचे स्वरूपही पालटते. अल्प मात्रेने ज्या व्यक्तीची चिंता कमी होते, तिलाच अधिक मात्रेने धडधड, भीती आणि संशय जाणवू शकतो. मेंदूचित्रणाच्या अभ्यासांत टीएचसीमुळे डोपामीन या रसायनाचा स्राव काही अंशी वाढल्याचे आढळले आहे. डोपामीनचा असमतोल भास आणि भ्रम यांच्याशी निगडित मानला जातो.

सेवनाच्या पद्धतीमुळेही फरक पडतो. धूर ओढल्यास परिणाम काही मिनिटांत जाणवतो. होळी किंवा महाशिवरात्रीच्या थंडाईतून अथवा खाद्यपदार्थांतून घेतलेल्या भांगेचा परिणाम जाणवण्यास अर्धा ते दोन तास लागू शकतात आणि तो अधिक काळ टिकतो. ‘अजून काहीच झाले नाही’ असे समजून पुन्हा घेतल्याने मात्रा नकळत वाढते.

नियमित सेवनाने मेंदू या द्रव्याशी जुळवून घेतो आणि सीबी-१ ग्राहींची संख्या घटते. सेवन थांबविल्यानंतर साधारणतः चार आठवड्यांत ती पूर्ववत होऊ लागते, असे मेंदूचित्रणातून दिसले आहे. या काळात चिडचिड, निद्रानाश, मंदावलेली भूक आणि उदासी ही लक्षणे आढळतात. ‘घेतले नाही की मन लागत नाही’ असे सांगणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत, ती उदासी मूळची असू शकते, तशीच सेवन थांबल्यामुळे आलेलीही असू शकते. २०१९ मध्ये ‘जामा सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार, किशोरवयात गांजाचे सेवन करणाऱ्यांना पुढे तरुणपणी नैराश्य येण्याची शक्यता काही प्रमाणात अधिक आढळली.

सीबीडी : अपेक्षा आणि पुरावा

सीबीडीचे कार्य टीएचसीसारखे सरळ नाही. ते सीबी-१ ग्राहीला थेट उत्तेजित करीत नाही. प्रयोगशाळेतील अभ्यासांनुसार ते सेरोटोनिनच्या एका ग्राहीवर परिणाम करते आणि आनंदामाइडचे विघटन मंदावते. चिंता व नैराश्य यांवरील अनेक औषधे सेरोटोनिनशी संबंधित असल्यामुळे सीबीडीविषयी अपेक्षा निर्माण झाल्या.

त्या अपेक्षांना काही आधार आहे. ब्राझीलमधील संशोधकांनी सभेत भाषण करण्यापूर्वी स्वयंसेवकांना सीबीडी दिले असता त्यांची चिंता कमी झाल्याचे आढळले. परंतु त्यांच्याच पुढील अभ्यासात ३०० मिलिग्रॅम मात्रा परिणामकारक ठरली आणि १५० व ६०० मिलिग्रॅम मात्रांचा तसा उपयोग झाला नाही. अधिक मात्रा म्हणजे अधिक लाभ, हे गणित येथे लागू पडत नाही. शिवाय हे प्रयोग मोजक्या व्यक्तींवर आणि एका मात्रेपुरते झालेले आहेत. बाजारातील तेलांच्या काही थेंबांतून मिळणारी मात्रा बहुधा काही दशक मिलिग्रॅम इतकीच असते. नैराश्यावर सीबीडी उपयुक्त असल्याचा भक्कम पुरावा मोठ्या चाचण्यांतून अद्याप पुढे आलेला नाही.

स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत निष्कर्ष संमिश्र आहेत. जर्मनीतील २०१२ च्या एका छोट्या चाचणीत दररोज ८०० मिलिग्रॅम सीबीडी घेणाऱ्या रुग्णांची लक्षणे प्रचलित औषध घेणाऱ्यांइतकीच सुधारली आणि त्यांच्या रक्तातील आनंदामाइडचे प्रमाण वाढले. २०१८ मधील ८८ रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या औषधांसोबत १,००० मिलिग्रॅम सीबीडी दिल्याने भास व भ्रम काहीसे घटले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चाचणीत ६०० मिलिग्रॅमचा लाभ दिसला नाही.

सीबीडीला औषध म्हणून ठोस मान्यता मिळाली ती एका वेगळ्या आजारासाठी. लहान मुलांतील ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या दुर्धर अपस्मारांवर शुद्ध सीबीडीचे औषध वापरण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये परवानगी दिली. या औषधासोबत गुंगी, अतिसार आणि यकृतावरील परिणाम यांबाबत सूचना दिलेल्या असतात. सीबीडी यकृतातील विकरांचे काम रोखत असल्यामुळे क्लोबाझाम, वॉरफरिन, सिटॅलोप्रॅम यांसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. ‘वनस्पतीपासून बनविलेले, म्हणून निर्धोक’ असा निष्कर्ष काढता येत नाही, तो यामुळेच.

मनोविकृतीचा प्रश्न

गांजाने वेड लागते, ही समजूत भारतात जुनी आहे. तिची पहिली मोठी चौकशी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भारतीय भांग-गांजा आयोगाने १८९३-९४ मध्ये केली. १८९२ या वर्षात वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ व्यक्तींपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण भांग-गांजा असे नोंदविलेले होते. आयोगाने प्रत्येक प्रकरण तपासले, तेव्हा त्यांपैकी केवळ ९८ प्रकरणे ग्राह्य ठरली. अनेक नोंदी पोलिसांकडून आलेल्या कागदपत्रांवर विसंबून केलेल्या होत्या. बेताच्या सेवनाने विशेष अपाय होत नाही, मात्र अतिसेवनाने वेड संभवते, असा निष्कर्ष आयोगाने काढला.

आधुनिक संशोधनाने हे चित्र अधिक स्पष्ट केले आहे. स्वीडनमधील सुमारे ४५ हजार तरुण सैनिक-भरतीच्या नोंदींवर आधारित १९८७ च्या अभ्यासात, पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्या तरुणांना पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचे प्रमाण सहापट आढळले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोप व ब्राझीलमधील अभ्यासानुसार, टीएचसीचे प्रमाण जास्त असलेला गांजा दररोज घेणाऱ्यांना मनोविकृतीचा धोका कधीही न घेणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ पाचपट होता. तथापि गांजा घेणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींना मनोविकृती होत नाही, हेही तितकेच खरे आहे.

चेन्नईतील अनुभव याची दुसरी बाजू दाखवितो. ‘स्कार्फ’ आणि कॅनडातील मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी मनोविकृतीची पहिलीच वेळ असलेल्या रुग्णांचा संयुक्त अभ्यास केला. त्यात चेन्नईचे १६८ आणि मॉन्ट्रियलचे १६५ रुग्ण होते. चेन्नईतील रुग्णांत अमली पदार्थांच्या सेवनाचे प्रमाण मॉन्ट्रियलपेक्षा बरेच कमी होते, तरीही त्यांना आजार झालेला होता. तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्हा, नायजेरियातील इबादान आणि त्रिनिदाद या तीन ठिकाणी झालेल्या ‘इंट्रेपिड’ प्रकल्पातही ‘स्कार्फ’चा सहभाग होता. त्रिनिदादमध्ये वारंवार गांजा घेणे आणि मनोविकृती यांचा संबंध आढळला, तर उर्वरित दोन ठिकाणी गांजाचे सेवन मुळातच फार कमी होते.

गांजा हे मनोविकृतीचे एकमेव कारण नाही, आणि त्याच्याशिवायही हा आजार होतो, असा या अभ्यासांचा अर्थ आहे. त्याच वेळी ज्यांच्यात आजाराची प्रवृत्ती मुळात आहे, त्यांच्या बाबतीत टीएचसी हा टाळता येण्याजोगा धोका ठरतो. आनुवंशिकता किंवा बालपणीची परिस्थिती बदलणे कोणाच्या हाती नसते, पण हे सेवन टाळणे शक्य असते. मुलाच्या आजाराचा सारा दोष गांजाला किंवा संगतीला देऊन उपचार लांबणीवर टाकणे जितके अयोग्य, तितकेच त्याच्या सेवनाकडे दुर्लक्ष करणेही अयोग्य आहे.

बाटलीवरील मजकूर

लेबलवर लिहिलेले द्रव्य बाटलीत असतेच, असे नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी केवळ ३१ टक्के उत्पादनांत लेबलनुसार सीबीडी होते आणि १८ नमुन्यांत टीएचसी आढळले.

अमेरिकेने २०१८ च्या कृषी कायद्यान्वये ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या औद्योगिक भांगेला मोकळीक दिली. त्यानंतर सीबीडीवर रासायनिक प्रक्रिया करून ‘डेल्टा-८ टीएचसी’ हे नशा आणणारे द्रव्य तयार होऊ लागले आणि तेही औद्योगिक भांगेचे उत्पादन म्हणून विकले जाऊ लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ही व्याख्या कडक करणारी तरतूद संमत केली. एखादे उत्पादन औद्योगिक भांगेपासून बनविलेले आहे, एवढ्यावरून ते नशा आणणारे नाही, असे समजता येत नाही.

भारतातील कायदा

अमली पदार्थविरोधी १९८५ च्या केंद्रीय कायद्यानुसार चरस आणि गांजा यांवर बंदी आहे. शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. पानांच्या भांगेबाबत त्या त्या राज्याचे नियम लागू होतात. महाराष्ट्रात या बाबी १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येतात. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये भांगेच्या बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. तेलात दर किलोग्रॅममागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक टीएचसी आणि कोणत्याही खाद्यपदार्थात ७५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक सीबीडी असू नये, अशी मर्यादा आहे. इतक्या अल्प प्रमाणामुळे मनःस्थितीवर परिणाम होण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

भांगेच्या पानांचा अर्क ‘विजया’ या नावाने आयुर्वेदिक औषध म्हणूनही विकला जातो. आयुर्वेदिक औषधांतील विषारी द्रव्यांच्या सरकारी अनुसूचीत भांगेचा समावेश असल्याने अशी औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घेणे अपेक्षित आहे.

या विषयाची व्याप्ती लहान नाही. केंद्र सरकारच्या वतीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ३.१ कोटी व्यक्तींनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काहीतरी घेतले होते.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

* स्वतःला किंवा निकटच्या नातेवाइकाला स्किझोफ्रेनिया अथवा द्विध्रुवी विकार झालेला असल्यास टीएचसी असलेले कोणतेही उत्पादन टाळावे.

* किशोरवयीन मुले आणि पंचविशीच्या आतील तरुण यांनी दूर राहावे. या वयात मेंदूची जडणघडण चालू असते.

* गर्भवती आणि स्तनदा मातांनी ही उत्पादने घेऊ नयेत.

* फीट, नैराश्य, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास सीबीडी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

* सीबीडीच्या भरवशावर चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. आधीपासून काही घेत असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये.

* कानांत आवाज येणे, अकारण संशय, झोप उडणे, माणसांत मिसळणे थांबणे अशी लक्षणे दिसल्यास विलंब न करता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. सेवन हे कारण असो वा नसो, उपचार लवकर सुरू होणे हिताचे असते.

मानसिक आरोग्याविषयी मोफत सल्ल्यासाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतून अहोरात्र उपलब्ध आहे. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आहे.